मिशिगनच्या प्रायमरीत चाचण्या २१ अंकांनी हुकल्या. आपल्या तालुक्यातल्या सर्वेक्षणात तसं होऊ नये म्हणून काय करावं?

राज्यशास्त्र_दारव्हा

नमस्कार मंडळी. बी.ए. तृतीय वर्षाच्या मुलांकडून येत्या निवडणुकीआधी आमच्या विधानसभा मतदारसंघाचं मतदार सर्वेक्षण करून घ्यायचं आहे. मतदारसंघ यवतमाळ जिल्ह्यातला, मतदार तीन लाखांच्या आसपास, त्यात दोन छोटी शहरं आणि बाकी सगळी खेडी, तांडे (बंजारा वस्त्या), पोडं (कोलाम आदिवासींच्या वस्त्या). हाताशी तीस मुलं-मुली, वेळ पंधरवडा. निकाल कुठेही छापायचा नाही, वर्गात अभ्यासायला हवा आहे.

वर्गात अमेरिकेच्या प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यात होणारं मतदान) शिकवताना मिशिगन राज्यातली २०१६ची डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी येते. हिलरी क्लिंटन सरासरी २१ अंकांनी पुढे असल्याचं चाचण्या सांगत होत्या आणि ८ मार्चला बर्नी सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. मुलं विचारतात, की पैसा, यंत्रणा, सगळं असलेले लोक एवढे चुकतात तर आपण करून उपयोग काय? म्हणून विचारतो: ती चूक नेमकी कुठली होती, आपल्याकडे ती कुठल्या वाटेने शिरू शकते, आणि किती माणसं, कुठली, कशी निवडायची? जुन्या निकालांचा वापर कसा करायचा हेही सांगा.

आकडेमोड_वर्धा

सर, मुलांना आधी एक गोष्ट सांगा. मिशिगनमध्ये लोकांनी खोटं सांगितलं हा मुख्य दोष नव्हता. ज्यांना विचारलं आणि जे प्रत्यक्ष मतदानाला आले, ती दोन वेगळी गर्दी होती. सर्वेक्षणात "कोणाला देणार" हा प्रश्न दुसरा, "कोण येणार" हा पहिला. पहिल्याचं उत्तर चुकलं की दुसऱ्याचं कितीही नीट मोजा, काही हाती लागत नाही.

प्रायमरीत हे जास्त जाणवतं, कारण तिथे येणारी माणसंच थोडी असतात. सगळ्या पात्र मतदारांचा हिशेब धरला तर दोन्ही पक्षांच्या प्रायमरी मिळून २०१६ मध्येही मतदान ३० टक्क्यांच्या आत होतं. त्यात प्रत्येक राज्याचा नियम निराळा. न्यूयॉर्कमध्ये पक्षाकडे नाव नोंदलेल्यांनाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. एप्रिल २०१६च्या मतदानासाठी पक्षनोंद बदलायची मुदत ऑक्टोबर २०१५ मध्येच संपली होती. मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनोंद होतच नाही. केंद्रावर जाऊन कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं. म्हणजे कोणत्या पक्षाच्या रांगेत कोण उभा राहील हे शेवटच्या दिवसापर्यंत मोकळं.

आता खरी अडचण पाहा. कोण येणार याचा अंदाज मागच्या वेळच्या मतदानावरून बांधतात. मिशिगनची मागची चुरशीची प्रायमरी २००८ची, आणि ती मोडकी होती. राज्याने पक्षाचं वेळापत्रक मोडून तारीख अलीकडे ओढली, म्हणून ओबामा आणि एडवर्ड्स या दोन इच्छुकांनी मतपत्रिकेवरून नावं काढून घेतली. क्लिंटन यांना ५५ टक्के आणि "अनकमिटेड", म्हणजे कोणालाच बांधील नाही, याला ४० टक्के मतं पडली. एकूण मतदान सहा लाखांच्या घरात. २०१६ मध्ये ते बारा लाखांवर गेलं. निम्मी माणसं अशी, ज्यांची जुनी नोंदच नाही. त्यात तिशीच्या आतल्यांनी एक्झिट पोलप्रमाणे ८० टक्क्यांच्या आसपास मतं सँडर्सना दिली. काही चाचण्या फक्त घरच्या लँडलाइन फोनवर झाल्या होत्या. तिथे तरुण माणूस सापडणार कसा? शिवाय रविवारी ६ मार्चला मिशिगनमधल्याच फ्लिंट शहरात दोघांचा वादविवाद झाला, मतदान मंगळवारी, आणि बऱ्याच चाचण्यांचं काम त्याआधीच आटोपलेलं होतं.

अजून एक फरक वर्गात जरूर मांडा. डेमोक्रॅटिक प्रायमरीत प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे) मतांच्या प्रमाणात वाटले जातात, अट किमान १५ टक्के मतांची. मिशिगनमध्ये सँडर्सना ६७ आणि क्लिंटनना ६३ प्रतिनिधी मिळाले. जिंकणं-हरणं बातमीत मोठं, हिशेबात लहान. आपल्याकडे एका मताने पुढे असलेला अख्खी जागा घेऊन जातो. त्यामुळे चार-पाच अंकांची चूक तिथे पचते, आपल्याकडे निकालच फिरवते. आणि त्रुटीची मर्यादा (आकडा खऱ्यापासून किती अंक इकडे-तिकडे असू शकतो ती) ±५ सांगितली तर ती एकेका उमेदवाराच्या टक्केवारीची असते. दोघांमधल्या फरकाची त्रुटी जवळपास दुप्पट होते. "अमका सहा अंकांनी पुढे" हे ±५च्या सर्वेक्षणातून म्हणताच येत नाही. मुलांकडून हे वाक्य पाठ करून घ्या.

बुथनिहाय

किती आणि कुठली माणसं, याचं उत्तर मी देतो.

आधी निकाल. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मागच्या विधानसभेचा आणि लोकसभेचा नमुना २० मिळतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं, नोटाला किती, एकूण किती, हे ओळीने असतं. बहुतेक वेळा स्कॅन केलेली पीडीएफ असते, हाताने एक्सेलमध्ये उतरवावी लागते. दोन मुलांनी उतरवायची, तिसऱ्याने प्रत्येक ओळीची बेरीज ताडायची. टपाली मतं शेवटी वेगळी असतात. घरून मतदान केलेले ८५ वर्षांवरचे आणि दिव्यांग मतदार त्यातच येतात. ती कुठल्याही गावात वाटायला जाऊ नका.

दोन निवडणुकांची तुलना केंद्राच्या क्रमांकावरून कधीही करू नका. यादीच्या पुनरीक्षणात क्रमांक सरकतात, मोठ्या बुथाला जोडबुथ निघतो. एका बुथावर कमाल मतदारांची मर्यादा आयोगाने २०२५ मध्ये १५०० वरून १२०० वर आणली आहे, त्यामुळे पुढच्या याद्यांत बुथ आणखी फुटतील. गावाचं नाव आणि शाळेची खोली पाहून जुळवा, आणि एका गावाचे सगळे बुथ एकत्र करूनच टक्केवारी काढा. "या बुथावर अमक्या पक्षाची मतं निम्म्यावर आली" असं वाटतं आणि नंतर कळतं की तांडा दुसऱ्या खोलीला जोडला गेला होता.

आता निवड. बुथ चिठ्ठ्या टाकून सरसकट उचलले तर ३०० मतदारांच्या पोडाला आणि ११०० मतदारांच्या गावाला सारखीच संधी मिळते, ते चुकीचं. मतदारसंख्येच्या प्रमाणात निवडायचं. रीत सोपी आहे. सगळे बुथ भौगोलिक क्रमाने लावा, समोर मतदारसंख्या, त्यापुढे चढती बेरीज. एकूण ३,००,००० आणि बुथ हवेत ६०, तर अंतर ५,०००. १ ते ५,००० मधला एक आकडा चिठ्ठीने काढा. समजा १,८४० निघाला. मग १,८४०, ६,८४०, ११,८४० असे आकडे चढत्या बेरजेत ज्या बुथात पडतील ते बुथ घ्यायचे.

बुथात माणसं मतदार यादीतूनच. भाग यादीत (त्या बुथाच्या मतदार यादीत) १,००० नावं आणि हवीत दहा, तर शंभराचं अंतर. सुरुवात ३७ निघाली तर ३७, १३७, २३७ असं. त्या क्रमांकाचाच माणूस हवा. तो नाही म्हणून त्याचा भाऊ, शेजारी, सरपंच चालत नाही. गळती होणार हे धरून दहाऐवजी पंधरा नावं आधीच काढा.

एका बुथात वीस माणसं घेऊन तीस बुथांत काम उरकावं असा मोह होईल, गाडीचा खर्च वाचतो. तसं करू नका. एका गावातली माणसं मत देताना एकमेकांसारखी असतात, म्हणून त्याच गावातला अकरावा माणूस नवं फार थोडं सांगतो. हिशेब असा: गावातलं हे साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळे सारखे) ०.१ धरलं, तर तीस बुथांत वीस-वीस मिळून ६०० माणसं खऱ्या अर्थाने २०७ माणसांएवढीच माहिती देतात, त्रुटी ±६.८. तीच ६०० माणसं साठ बुथांत दहा-दहा घेतली तर ३१६ माणसांएवढी, त्रुटी ±५.५. पूर्णपणे विखुरलेल्या ६०० माणसांची त्रुटी ±४ असते. कंपन्या जाहीर करतात ती बहुधा हीच, आणि गावोगावच्या सर्वेक्षणाला ती लागू होत नाही.

पोड_तांडा_घाटंजी

वर दोघांनी सांगितलेलं कागदावर बरोबर आहे. काम बिघडतं ते गावात शिरल्यावर, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

राजेहो, मुलं एसटीतून उतरली की आधी पानठेल्यावर जातात. तिथे दहा माणसं असतात, बोलायला तयार असतात, चहा पाजतात. ते सगळं सोडून द्यायचं. पानठेल्यावर, पारावर किंवा ग्रामपंचायतीसमोर भेटणारा माणूस पुरुष असतो, बोलका असतो आणि बहुधा कुठल्यातरी बाजूचा असतो. मिशिगनच्या लँडलाइनवर जशी एकाच तऱ्हेची माणसं भेटली, तशीच इथेही भेटतात.

वेळ फार महत्त्वाची. सोयाबीनची सवंगणी (कापणी) किंवा कापसाची वेचणी सुरू असेल तर सकाळी नऊनंतर गावात म्हातारे, लहान मुलं आणि नोकरदार उरतात. मजूर बाया शेतात, त्या परत येतात पाच-सहाला आणि आल्या की चुलीकडे. अकरा ते चार या वेळेत गोळा केलेल्या प्रश्नावलीच्या अर्जांत मजुरांचं मत नसतंच. सगळ्यात चांगला दिवस आठवडी बाजाराचा. त्या दिवशी मजुरी बंद असते, हप्त्याचे पैसे हाती येतात, सकाळी दहापर्यंत माणसं घरी सापडतात. कोणत्या गावाचा बाजार कोणत्या वारी ते आधी लिहून घ्या आणि त्यावरून मुलांचं वेळापत्रक बसवा. बाकीच्या दिवशी सकाळी सहा ते आठ.

बायांना मुलींनीच विचारायचं, आणि घराच्या आत. अंगणात विचारलं की दारातून उत्तर येतं, "ते घरचे पुरुषच सांगतीन जी." तिथे जबरदस्ती करू नये; एक मुलगा पुरुष मंडळींना यादीतला घर क्रमांक, वय वगैरे विचारण्यात गुंतवतो आणि मुलगी आत जाते. सासूसमोर सुनेला विचारलेलं उत्तर धरूच नका, अर्जावर "एकटी नव्हती" अशी खूण करा.

मत तोंडाने विचारू नका. बुथनिहाय निकाल बाहेर येतो हे गावाला पक्कं ठाऊक आहे. चारशे मतदारांचं गाव असलं तर कोणाकडून किती मतं आली हे पुढाऱ्याला मोजता येतं. अनेक यंत्रांची मतं एकत्र करून मोजायचं टोटलायझर आयोगाने सुचवलं होतं, ते आलं नाही. त्यामुळे नवख्या पोराने विचारलं की उत्तर ठरलेलं: "पाहू ना भाऊ, अजून काई ठरलं नाई." म्हणून नकली मतपत्रिका छापा. उमेदवाराचं नाव आणि निवडणूक चिन्ह, खाली नोटा. माणसाने स्वतः खूण करून, घडी घालून बंद डब्यात टाकायची. चिन्हं काळ्या शाईतच छापा, रंगीत छापलं तर पक्षाचा प्रचार वाटतो. अर्जावर नाव लिहायचं नाही, फक्त संकेतांक. तोच संकेतांक मतपत्रिकेच्या मागे बारीक लिहिला तर माणूस ते लगेच पाहतो आणि डबा परत देतो. त्याऐवजी बुथ, स्त्री-पुरुष आणि वयोगट एवढंच मतपत्रिकेवर आधीच छापून ठेवा. कोपऱ्यात उघड दिसेल असं असावं, आणि ते कशासाठी हे सांगून टाकावं.

मताचा प्रश्न अगदी सुरुवातीला. आधी लाडकी बहीण, पीकविमा, कापसाचा भाव विचारून मग मत विचारलं की मत त्या विषयाच्या मागे जातं.

कोलाम पोडावर आणि बंजारा तांड्यावर त्या भाषेचं एक मूल सोबत हवंच. तुमच्या वर्गात ती मुलं असतील, त्यांनाच तिथे पाठवा, पण त्यांच्या स्वतःच्या गावात नको. ओळखीच्या पोरासमोर माणूस मत लपवतो.

धारणी_वाचक

एक भर घालतो. यादीत नाव आहे पण माणूस गावात नाही, हे आमच्या मेळघाटात फार. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं कामाला बाहेर जातात आणि होळीला परततात. गडचिरोली-गोंदियाकडे मार्च-एप्रिलात मोहफुलं, मग तेंदूपत्ता; घराला कुलूप नसतं पण माणसं पहाटेच जंगलात. यवतमाळात तेवढं नसलं तरी पुण्या-नागपुरात गेलेली पोरं असतातच.

प्रत्येक निवडलेल्या नावापुढे खूण करा: भेटला, शेतात आहे, बाहेरगावी, मयत, नकार. शेतात असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जा. मयत वगळा. बाहेरगावच्याला एकदम वगळू नका, घरच्यांना विचारा की मतदानाला येणार आहे का, गाडीचं तिकीट काढलं का. "येईन म्हणतो" आणि "तिकीट काढलं" यात मोठा फरक असतो. वर म्हटलेल्या पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे कोण येणार याचं, उत्तर बऱ्याच अंशी या खुणांच्या रकान्यातच आहे, फक्त तो रकाना कोणी जपून ठेवत नाही.

आकडेमोड_वर्धा

धारणीवाल्यांचं अगदी बरोबर. "मागच्या वेळी मतदान केलं का" याला हो म्हणणारे प्रत्यक्षापेक्षा नेहमी जास्त निघतात. अमेरिकेत कोण मतदानाला आला याची नोंद मतदार यादीसोबत मिळते, कोणाला दिलं ते नाही. आपल्याकडे १७-अ नोंदवही (केंद्रावर कोण मतदानाला आला त्याची) न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाही. म्हणून प्रश्न बदलून विचारा: "मागच्या वेळी किती वाजता गेला होता, कोणत्या खोलीत नंबर होता?" न गेलेला माणूस इथे अडखळतो.

"मागच्या वेळी कोणाला दिलं होतं" हे उत्तर मात्र वजन देण्यासाठी, म्हणजे कमी भेटलेल्या गटाचं उत्तर वाढवून मोजण्यासाठी, वापरू नका. निकालानंतर बरीच माणसं जिंकलेल्याचं नाव सांगतात.

सायंकाळची_टक्केवारी

मतदानाच्या दिवसाचं राहिलं. दर दोन तासांनी येणारी टक्केवारी केंद्रांवरून कळवलेली, अंदाजी असते. खरा आकडा केंद्राध्यक्षाने भरलेल्या १७-क मध्ये (केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाचा नमुना), आणि त्याची प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधीला मिळते. २० नोव्हेंबर २०२४ला राज्यात सायंकाळी पाचला ५८.२२ टक्के होतं, अंतिम ६६.०५ झालं. आमच्याकडे शेतातून परतलेली माणसं पाचच्या सुमारास रांगेत लागतात. सहाला जे रांगेत आहेत त्यांना शेवटून सुरुवात करून चिठ्ठ्या वाटतात आणि त्यांचं मतदान पूर्ण होईपर्यंत केंद्र चालू राहतं. खेड्यातला पाचचा आकडा पाहून "मतदान घसरलं" असं लिहू नये. गडचिरोलीच्या संवेदनशील भागात मतदान दुपारी तीनलाच संपतं, तिथला दुपारचा आकडा यवतमाळशी ताडण्यात अर्थ नाही.

मुलांना केंद्राबाहेर उभं करून विचारायचा विचार असेल तर आधी कायदा वाचा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६-अ कलमाखाली आयोगाने ठरवून दिलेल्या काळात एक्झिट पोल घेणं आणि जाहीर करणं दोन्ही बंद आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर्गासाठीच आहे म्हणून सूट नाही. मतदान संपल्यानंतर, तो काळ उलटल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाऊन विचारा. लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेचं मतदानोत्तर सर्वेक्षण असंच घरी जाऊन, यादीतून निवडलेल्या माणसाला भेटून होतं.

आणि आधीच्या सर्वेक्षणाला तारीख चिकटवूनच बोला. दक्षिण कॅरोलायना राज्याच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत २९ फेब्रुवारी २०२०ला बायडन जवळपास २९ अंकांनी जिंकले, चाचण्यांतली त्यांची आघाडी त्याच्या निम्मी होती. तीनच दिवस आधी तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा जाहीर केला होता. आपल्या गावात शेवटच्या दोन रात्रींत काय काय होतं हे सांगायला नको. पंधरा दिवस आधीचं सर्वेक्षण पंधरा दिवस आधीचंच चित्र दाखवतं.

राज्यशास्त्र_दारव्हा

मनापासून आभार. साठ बुथ, प्रत्येकी पंधरा नावं, बाजाराचा दिवस, नकली मतपत्रिका, हे सगळं नक्की केलं. एकच शंका. एवढं करूनही ६०० मध्ये बाया कमी भरल्या तर?

बुथनिहाय

भरतीलच कमी. समजा ३६० पुरुष आणि २४० बाया मिळाल्या, म्हणजे ६० आणि ४० टक्के. मतदारसंघात मागच्या वेळी प्रत्यक्ष मतदान केलेल्यांत पुरुष ५१ आणि स्त्रिया ४९ टक्के असतील, तर प्रत्येक पुरुषाचं वजन ५१ भागिले ६०, म्हणजे ०.८५, आणि प्रत्येक बाईचं ४९ भागिले ४०, म्हणजे १.२२५. एखाद्या उमेदवाराला पुरुषांत ४० आणि बायांत ५५ टक्के असतील तर वजन न देता ४६ येतात, वजन देऊन ४७.४. प्रमाण यादीतलं घेऊ नका, झालेल्या मतदानातलं घ्या. स्त्री-पुरुष मतदानाचे आकडे जिल्हा प्रशासन निवडणुकीनंतर जाहीर करतं.

वयोगटाचंही असंच करा, पण १८ ते २९ मध्ये पन्नासच्या आत माणसं असतील तर त्यांचं वजन फुगवू नका, दोन माणसांच्या मताने निकाल हलायला लागतो. त्यापेक्षा जिथे तरुण कमी भेटले त्या बुथांवर रविवारी पुन्हा मुलं पाठवा, आणि राहिलेल्या पाच नावांतले तरुण आधी गाठा.

आणखी एक. वजन दिलेलं उत्तर आणि न दिलेलं उत्तर, दोन्ही फळ्यावर शेजारी लिहा. दोन-तीन अंकांपेक्षा जास्त फरक दिसला तर वजनाशी खेळत बसू नका, कोणत्या गावात बाया भेटल्या नाहीत ते शोधा. बहुतेकदा तीन-चार गावंच निघतात, आणि तिथे मुलं दुपारी गेलेली असतात.